तुलारामची दिल्लीवाली शेगडी

वरठीत तुलारामच्या कोंबडीचं मोठं नाव होतं. भंडारा रोड स्टेशनावर पॅसेंजर थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे, आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली गरम कोंबडी त्या हातांत पडेपर्यंत शिट्टी होऊ नये म्हणून उतारू देवाचा धावा करायचे. पोलादाचा कारखाना आल्यापासून तर गर्दीच गर्दी. पाळी सुटली की मोटरसायकली आणि सायकली रांगेनं येऊन तुलारामच्या टपरीसमोर उभ्या राहायच्या. जो यायचा तो खायचा, बोटं चाटायचा आणि जाता जाता म्हणायचा, "तुलारामभाऊ, तुह्या हाताले तोड नाई गा!"

आणि तुलाराम खांद्यावरचा दुपट्टा सारखा करून म्हणायचा, "आता चालते जसं जमते तसं."

जमत काहीच नव्हतं. ज्याच्या हाताचं एवढं कौतुक, त्या तुलारामनं जन्मात एक कोंबडी भाजलेली नव्हती. भाजायची त्याची बायको सत्यभामा. ती मागं बसायची, बांबूच्या तट्ट्याआड, तीन विटांच्या चुलीपाशी. सायकलच्या चाकाच्या तारांत कोंबडीचे तुकडे ओवायची, निखाऱ्यावर धरायची, आणि झालं की तट्ट्याच्या बाजूनं हात काढून पान पुढं सरकवायची. तुलाराम ते पान उचलून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. एवढ्या कामासाठी लागणारा हात मात्र त्याचा खरोखर चांगला होता.

तुलाराम शहापूरजवळच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, तीन भाऊ. रोवणीच्या चिखलात कमरेतून वाकायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं, आणि रोवणी संपली की दुखणं आपोआप बरं व्हायचं. बाप काही वर्षं वैद्याकडे नेत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं लेकाला घराबाहेर काढलं. तुलाराम वरठीला आला, स्टेशनावर थोडी हमाली केली, हमालीतही वाकावं लागतं हे कळल्यावर चहाची टपरी टाकली.

सत्यभामेचं माहेर तलावाकाठचं. लहानपणी धानाच्या खाचरांत पाणी असलं की ती मासे आणि खेकडे धरायची आणि बांधावरच भाजायची. आगीचं तिला लहानपणापासून कळायचं. कोळसेवाली टोपली घेऊन आली की ती दोन कोळसे उचलून एकमेकांवर आपटायची. खणखणले तर घ्यायची, भदभद वाजले तर परत टोपलीत टाकायची. कोळसेवालीशी भांडण नाही, तंटा नाही. कोळसेवाली घाबरून तिच्यासाठी धावड्याच्या लाकडाचा कोळसा वेगळा बांधून आणायची.

चहाच्या टपरीवर कोंबडी आली ती पंच्याहत्तर सालात. एक दिवस सत्यभामेनं घरच्यासाठी भाजायला घेतली, वास स्टेशनापर्यंत गेला, आणि चहा प्यायला आलेले लोक चहा थंड करून वासाकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवसापासून धंदाच तो झाला. पण बाईमाणूस रस्त्याच्या तोंडावर बसून कोंबड्या भाजते हे काही बरं दिसत नाही, असं तुलारामच्या मनात आलं. त्यानं शहापूरच्या बाजारातून तीन रुपयांचा तट्टा आणला आणि टपरीच्या मधोमध टांगला. खालून उधई-वाळवी लागू नये म्हणून जमिनीपासून वीतभर वर टांगला. आपण किती दूरचा विचार करतो, असंही त्याला त्या वेळी वाटलं.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "वा गा तुलाराम, काय हात हाय तुहा!" तुलारामला खरं सांगायचं होतं. पण समोरचा माणूस घाईत होता, आणि कौतुक ऐकायला बरं वाटलं. त्यानं नुसती मान हलवली. तट्ट्यामागून सत्यभामा फिसकन हसली. त्या वेळी तिलाही गंमतच वाटली होती. मग रोज कुणी ना कुणी म्हणत गेलं, रोज तुलाराम मान हलवत गेला, आणि बघता बघता अकरा वर्षं झाली. पुढं सत्यभामेचं हसू कधी बंद झालं, ते तुलारामच्या ध्यानातही आलं नाही.

शहाऐंशीच्या थंडीत कारखान्याच्या मेसचे मॅनेजर केशवराव टपरीवर आले. नागपूरचा माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी एक अख्खी कोंबडी खाल्ली, हात धुतले आणि सांगितलं, "तुलाराम, पुढच्या शनिवारी आमच्याकडं बाहेरगावचे साहेब लोक येणार आहेत. साठ-सत्तर माणसं. हिरवळीवर संध्याकाळचं जेवण. कोंबडी तुझी. जमलं तर फाटकाजवळची टिनाची खोली तुला कायमची देतो, मेसचं काम दर शनिवारचं तुझं."

तुलारामच्या डोळ्यांसमोर टिनाची खोली उभी राहिली. टपरी तर वाऱ्यानं दरवर्षी उडायची. पण केशवराव पुढं म्हणाले, "फक्त दोन गोष्टी. त्या तीन विटा नको आणूस, साधन जरा नीट आण. आणि तो तट्टा नको. भाजणारा माणूस सगळ्यांसमोर उभा राहून भाजेल. साहेबांना बघायचं असतं."

"हाव जी, हाव जी," तुलाराम म्हणाला, आणि केशवराव गेल्यावर खाटेवर आडवा झाला. रोवणीच्या दिवसांतलं पोटाचं दुखणं वीस वर्षांनी परत आलं होतं.

आता शहाण्या माणसानं अशा वेळी बायकोला सांगितलं असतं, बाई, शनिवारी तू चल. दोन शब्दांचं काम. पण तुलारामला ते दोन शब्द जड जात होते. साठ साहेब, केशवराव, कारखान्यातली सगळी ओळखीची पोरं, आणि त्यांच्यासमोर हे कबूल करायचं की अकरा वर्षं ज्या हाताचं तुम्ही गुणगान केलं तो हात नुसता पानं उचलायचा! त्यापेक्षा भाजायला शिकलेलं बरं. आणि शिकण्यापेक्षा, आपोआप भाजणारी काही वस्तू मिळाली तर सगळ्यात बरं.

तशी वस्तू नागपूरला होती. बर्डीवरच्या एका दुकानाच्या काचेत दोन वर्षांपासून धूळ खात होती. दिल्लीहून आलेली कोळशाची शेगडी. अंग काळं चकचकीत, वर भलंमोठं घुमटाचं झाकण, आत चांदीसारखी जाळी, खाली दोन पाय आणि दोन चाकं, आणि झाकणावर घड्याळासारखा काटा. दुकानदार हिरालाल उत्साहानं उठला. दोन वर्षांत या शेगडीबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस.

"फॉरेनचं मॉडेल आहे भाऊ. कोळसा टाका, कोंबडी ठेवा, झाकण लावा, काटा बघा. काटा इथं आला की कोंबडी तयार. हात लावायचं कामच नाही."

"हात लावाचं कामच नाई?" तुलारामनं पुन्हा विचारलं.

"बिलकुल नाही."

तुलारामला शेगडी तिथंच पसंत पडली. मग किंमत ऐकली. चौदाशे पन्नास. त्याला खुर्ची द्यावी लागली. एवढ्या पैशांत दोन नव्या कोऱ्या सायकली येत होत्या आणि वर घंट्या. पाणी पिऊन झाल्यावर त्याच्यातला धानपट्टीतला शेतकरी जागा झाला.

"आमच्याकडे हेला घेतो," तो म्हणाला, "तं पयले बयाना देतो आन् आठ रोज चिखलात जुपून पाह्यतो. चालला तं पयशे, नाई चालला तं तुहा हेला तुले परत. तसं असन तं नेतो."

हिरालालनं जन्मात हेला, म्हणजे रेडा, विकला नव्हता. पण त्याला काचेतली जागा मोकळी हवी होती. तीनशे रुपये बयाणा ठेवून घेऊन तो कबूल झाला. "मात्र परत आणाल तर अशीच्या अशी आणायची. एक ओरखडा चालणार नाही." तुलाराम मनात हिशेब करून हसला. शुक्रवारी नेली, शनिवारचं जेवण आठव्या दिवशी. जेवण उरकायचं आणि रविवारी सकाळी पुसूनबिसून शेगडी परत! टिनाची खोली मिळते, साहेब खूश, आणि फुकटात. या हुशारीवर तो इतका खूश झाला की परतीच्या गाडीत त्यानं शेजारच्यांना पान खाऊ घातलं.

शेगडी वरठीत आली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. कुणी म्हणालं बॉयलर आहे, कुणी म्हणालं टांक्यातलं पाणी उपसायचं यंत्र आहे. शेवटी भय्याजींना बोलावलं. भय्याजी रेल्वेत सांधेवाले होते, आता निवृत्त, आणि गावात कुणीही काहीही विकत घेतलं की त्यावर त्यांचं मत घेतल्याशिवाय वस्तू घरात जात नसे. भय्याजींनी शेगडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाय बघितले, झाकणावर टिचकी मारली.

"पाय दोनच देल्ले, दोन जागी चाकं देल्ले," ते म्हणाले. "म्हणजे अर्धं जनावर, अर्धी बंडी. चालन का उभं राहीन, त्याचा नेम नाई."

"भाजाचं काम हाय तिचं भय्याजी, चालाचं नाई."

"मंग चाकं कायले?" भय्याजींनी विचारलं.

सत्यभामा तट्ट्याच्या कडेनं बघत होती. गर्दी पांगल्यावर तिनं किंमत विचारली. तुलाराम म्हणाला, चारशे. खोटं बोलायची त्याला अकरा वर्षांची सवय होती, त्यामुळे आवाज अगदी सहज निघाला. मग त्याला वाटलं, बायकोला काहीतरी गोड बोलावं. आणि मनापासूनच बोलला तो:

"आता तुले धुरात बसाची गरज नाई वो. हे आपोआप भाजते. तुहं काम संपलं समज."

सत्यभामेनं हातातली कोंबडी शेवटपर्यंत भाजली, पान पुढं सरकवलं, निखारे पाण्यानं विझवले, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून ती दारात उभी होती.

"कुठं चालली?"

"मंदाबाईकडे. चिखल्याले."

"काहून?"

"तुमीच सुट्टी देल्ली ना जी," ती म्हणाली. "काम नाई तं बसून काय करू?" आणि तुमसरची बस गाठायला निघून गेली. तुलारामला वाटलं, चला, बहिणीला भेटून येईल, तिलाही बरं.

त्या दिवसापासून शेगडीची परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी काटा सांगितल्या जागी आला, तुलारामनं झाकण उघडलं, तर कोंबडी वरून डांबर आणि आतून जिवंत असल्यासारखी लाल. दुसऱ्या दिवशी त्यानं कोळसा कमी टाकला. काटा जागचा हललाच नाही, गिऱ्हाईक वाट बघून सायकलवर बसून गेलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवलं, तर चरबीनं भडका घेतला आणि तुलारामच्या उजव्या भुवईचा निम्मा भाग गेला. वरठीची कुत्री त्या तीन दिवसांत गलेलठ्ठ झाली. शेवटी तर तीही वास घेऊन विचार करू लागली.

लोक चांगले होते, तोंडावर कुणी बोललं नाही. "बाई दिसत नाई गा," एवढंच म्हणाले. कुणी म्हणालं, "तब्येत बरी नाई का तुही?" एकही माणूस हाताबद्दल काही बोलला नाही, आणि तुलारामला त्याचंच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो सायकलच्या तारा शोधायला तट्ट्यामागं गेला. अकरा वर्षांत तो इथं कधी बसला नव्हता. आता पाय दुखत होते म्हणून सत्यभामेच्या पाटावर टेकला. पाट मधोमध झिजून खोलगट झाला होता. समोर विटा, डावीकडे खणखणणाऱ्या कोळशांचा ढीग, उजवीकडे चुरा. आणि तट्ट्याच्या खालच्या वीतभर फटीतून रस्ता. रस्ता म्हणजे काय, नुसती पायताणं. कारखान्याचे जाड बूट, टायरच्या चपला, मास्तराची शिवलेली सँडल. त्याला आठवलं, तो पुढून काही सांगायच्या आत सत्यभामा आतूनच म्हणायची, "मास्तर आले, तिखट कमी." त्याला नेहमी नवल वाटायचं, हिला कसं कळतं. ती माणसं पायांवरून ओळखायची. अकरा वर्षं तिनं लोकांचे पायच बघितले होते.

तेवढ्यात बाहेर दोन जण बोलत उभे राहिले, आणि त्यांचा शब्द न् शब्द आत ऐकू आला. म्हणजे हिनंही सगळं ऐकलं. रोज ऐकलं. तुह्या हाताले तोड नाई, आणि मग आपलं ते, चालते जसं जमते तसं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो बराच वेळ पाटावरून उठलाच नाही. आणि सत्यभामेची आठवण आली, ती आठवण धंद्यासाठी की तिच्यासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पाचव्या दिवशी तो चिखल्याला गेला. खाणकामगारांच्या चाळीत मंदाबाईचं घर शोधायची गरज पडली नाही, वास येत होता. घरापुढच्या अंगणात, उघड्यावर, चार विटांवर सत्यभामा भाजत होती आणि समोर रांग लागली होती. तुलाराम काय करावं न कळून रांगेतच उभा राहिला. पुढच्या माणसानं वळून त्याला सांगितलं, "नवीन दिसता. खाऊन पाहा भाऊ. चार रोज झाले बाई आली, सारी चाळ पागल झाली. वरठीले एक तुलाराम हाय म्हणतात, पन त्याच्या बापाले असी जमनार नाई."

"नाईच जमत," तुलाराम म्हणाला.

त्याची पाळी आली. सत्यभामेनं वर बघितलं. अर्धी भुवई बघितली.

"काहून आले?"

खरं तर त्याला बरंच काही बोलायचं होतं. रस्ताभर त्यानं ते पाठ केलं होतं. पण मागं रांग उभी होती. "शेगडी बिघडली," तो म्हणाला.

"माती लावली होती का तिले?"

"लोखंडाची हाय ना ते."

"मंग बिघडनच," सत्यभामा म्हणाली, आणि पुढच्या माणसाला पान दिलं. पण संध्याकाळच्या बसला ती गाठोडं घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. तुमसर गेल्यावर त्यानं तिला शनिवारचं सगळं सांगितलं. टिनाची खोली, साठ साहेब, समोर उभं राहून भाजायचं. आणि पाठ केलेलं बाजूला ठेवून तिला युक्ती सांगितली: तिनं कोळसा वाहायला म्हणून हातगाडीमागं बसायचं. एकदा खोकली की त्यानं कोंबडी उलटायची, दोनदा खोकली की उतरवायची. सत्यभामेनं त्याच्याकडे बघितलं. नंतर खिडकीबाहेर बघितलं.

"खोकीन," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तुलाराम कोंबड्या आणायला शहापूरला गेला आणि दुपारी परत आला, तेव्हा दिल्लीची शेगडी जागेवर नव्हती. तिच्या जागी एक पांढऱ्या मातीचा ढीग होता, वर हळदीकुंकवाची बोटं, पुढं फोडलेला नारळ. ढिगाला दोन चाकं होती. तुलारामनं कोंबड्यांचा टोपला खाली टाकला.

सत्यभामेनं शेगडी पोतारली होती. बाहेरून, आतून, झाकणासकट. शेण, माती आणि धानाचा भुसा कालवून बोटभर जाड थर दिला होता, आणि हवेची भोकं बुजवून तिच्या मनानं एकच मोठं भोक समोर ठेवलं होतं. काटाही मातीखाली गेला होता.

"हे काय केलं वो तू!" तुलाराम ओरडला. "परत द्याची होती ते!"

सत्यभामेला त्याच्या ओरडण्याचा अर्थच लागेना. तिच्या आईनं, आजीनं, गावातल्या कुठल्याच बाईनं नवी चूल माती लावल्याशिवाय पेटवली नव्हती. बिनमातीची चूल म्हणजे तिच्या लेखी नुसता डबा. "तिच्यावर भाजाचं हाय ना उद्या?" ती म्हणाली. "मंग तिले चूल नको कराले?" तुलाराम खाली बसला. माती वाळून लोखंडाला घट्ट धरली होती. चौदाशे पन्नास. सत्यभामेला मात्र अजून चारशेच माहीत होते, त्यामुळे त्याला नीट रडताही येईना.

संध्याकाळी तिनं शेगडी पेटवून एक कोंबडी भाजली. मातीनं धग धरून ठेवली होती, भडका नाही, धूर नाही. भय्याजींनी ती कोंबडी खाल्ली, हाडं चोखली आणि शेगडीला पुन्हा एक प्रदक्षिणा घातली. "आता जनावर पूर्न झालं," ते म्हणाले.

शनिवारी हिरवळीवर दिवे लागले होते. हातगाडीवरून उतरवलेली शेगडी बघून केशवरावांचं तोंड उघडंच राहिलं. "हे काय आणलंस?"

"दिल्लीचं मॉडेल हाय जी."

नवा सदरा घालून तुलाराम शेगडीपुढं उभा राहिला. सत्यभामा गाडीमागं, कोळशाच्या पोत्यापाशी, पदर पुढं ओढून. पहिल्या कोंबड्या जाळीवर गेल्या. साहेब लोक थंडीत शेकायला भोवती जमले, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबाला पडसं झालेलं होतं.

साहेब खोकला. तुलारामनं कोंबडी उलटली. साहेब परत खोकला, तुलारामनं परत उलटली. धुराकडच्या बाजूनं आणखी दोघं खोकले, त्यानं घाईनं सगळ्याच उतरवल्या. मागून सत्यभामा एकदा खोकली, त्यानं उतरवलेल्या पुन्हा चढवल्या. "ये क्या कर रहा है?" कुणीतरी म्हणालं. घाम तुलारामच्या अर्ध्या भुवईवरून थेट डोळ्यात उतरत होता. त्यानं मागं वळून बघितलं. सत्यभामेनं खोकणं थांबवलं होतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला काय हवंय ते त्याला पक्कं कळलं.

मोठ्या साहेबानं जाळीतला एक कच्चा तुकडा बोटानं दाबून बघितला. "भाई, वरठी में सब बोलते हैं तुम्हारे हाथ का जवाब नहीं. है कौन सा हाथ?"

तुलारामनं चिमटा खाली ठेवला. कारखान्याची ओळखीची पोरं वाढायला उभी होती, केशवराव होते, फाटकापाशी फुकटच्या वासाला आलेले भय्याजी होते.

"हात माहा नाई साहेब," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं परत म्हणाला. "माहा हात नाई. बायकोचा हाय. अकरा वर्स झाले, तेच भाजते. मी खोटं बोलत होतो."

त्याला वाटलं होतं, काहीतरी होईल. हिरवळ दुभंगेल, नाहीतर लोक थुंकतील. साहेब म्हणाला, "तो उनको बुलाओ ना, भूख लगी है," आणि नाक पुसायला लागला.

"बरं झालं बोललास," केशवराव म्हणाले. "म्हणून तर तुला सांगितलं होतं, तट्टा नको म्हणून. बाईला उजेडात येऊन भाजू दे ना जरा."

"तुमाले मालूम होतं?"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. फाटकावरून भय्याजी ओरडले, "साऱ्या वरठीले मालूम होतं गा! तट्टा वीतभर वर बांधला तू. खालून जोडव्याचे पाय दिसत होते ना तिचे!"

तुलाराम उभ्या उभ्या मागं बघत राहिला, अकरा वर्षं मागं. प्रत्येक माणूस, प्रत्येक 'तुह्या हाताले तोड नाई', आणि ते बोलताना खाली झुकलेली प्रत्येक नजर. सत्यभामाही चकित होऊन उभी होती. तिला वाटत होतं की आपण तेवढे लोकांचे पाय बघतो. मग तिनं पदर खोचला, पुढं आली, तुलारामला कोपरानं बाजूला केलं आणि चिमटा उचलला. त्या संध्याकाळी तिनं साठ कोंबड्या भाजल्या. शेवटच्या कोंबडीपर्यंत तिच्याभोवतीची माणसं हलली नाहीत, आणि टिनाची खोली केशवरावांनी तिच्याच नावानं लिहून दिली.

आठ दिवस भरले म्हणून रविवारी सकाळी हिरालाल पैसे, नाहीतर शेगडी, न्यायला पहिल्या गाडीनं वरठीत उतरला. टपरीवर चूल पेटलेली होती. त्यानं तिच्यावर हात शेकले, एक कोंबडी खाल्ली, खूश होऊन दुसरी मागितली, आणि मग विचारलं, "माझी शेगडी कुठं आहे?"

"तुमी तिच्यावरच हात शेकून राहिले," तुलाराम म्हणाला.

हिरालालनं खाली वाकून चाकं बघितली आणि मटकन बसला. त्यानं बोटानं माती खरवडून पाहिली, ती निघाली नाही. तुलारामनं आतून पैसे आणले आणि निमूटपणे त्याच्या हातावर मोजले. कालच्या कमाईतले होते, वर डब्यातले सगळे. सत्यभामा कोंबडी उलटता उलटता मोजणी ऐकत होती. चारशेचा आकडा कधीच मागं पडला होता. हिरालालनं नोटा खिशात घातल्या आणि दुकानदारीच्या सवयीनं विचारलं, "मग बाई, महाग तर नाही ना पडली शेगडी?"

सत्यभामेनं तुलारामकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. टपरीच्या कोपऱ्यात त्यानं पहाटेच सोडून ठेवलेला तट्टा गुंडाळून पडला होता.

"तो तट्टा केवढ्याले आनला होता जी तुमी?" तिनं विचारलं.

"तीन रुपये," तुलाराम पुटपुटला.

"तो लय महाग पडला," सत्यभामा म्हणाली. तिनं हात लांबवून तट्ट्याची एक कामटी मोडली, शेगडीच्या भोकात सारली, आणि समोरच्या रस्त्यावरून येणाऱ्या मास्तरांकडे, या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघून, विचारलं, "मास्तर, तिखट कमीच ना?"